वरणाचं पाणी

जन्मभूमी सोडताना पायांखालची माती माणसाला धरून ठेवते, असं म्हणतात. मी सौंसर सोडलं त्या दिवशी पांढुर्ण्याच्या फलाटावर मलाही खरोखर कशानं तरी धरून ठेवलं होतं. गाडी सुटायची वेळ झाली, वडील घाई करत होते, आणि माझा पाय पुढे पडेना. वळून पाहिलं तर साडीचा पदर तूर डाळीच्या पोत्याच्या सुतळीत अडकलेला.

पोतं आईनं दिलं होतं. घरच्या शेतातली तूर, घरीच भरडलेली. वडिलांना हा प्रकार पटला नव्हता. "अंदमानात का डाळ भेटत नसन?" ते म्हणाले. आई म्हणाली, "डाळ भेटन. पाण्याचा भरवसा नाई." मग पदर सोडवता सोडवता मला म्हणाली, "बाई, गेल्या गेल्या आधी वरण लावून पाहजो. शिजलं तं राहजो. नाई तं येऊन जाजो." जणू मी शेजारच्या गल्लीत निघाले होते आणि मध्ये समुद्र नव्हताच.

सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसांना यात काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे पाण्याची परीक्षा डाळीनं होते. एकाच गावात एका विहिरीचं पाणी गोडं असतं, त्यात तूर डाळ लोण्यासारखी शिजते. शेजारच्या विहिरीचं पाणी जड, त्यात डाळ तासभर उकळली तरी दाणा दाण्याला ओळखतो. सोयरीक जुळवताना मुलाची नोकरी, शेती, स्वभाव पाहतातच, पण माझी आई आधी विचारायची, "तिथं वरण शिजते का?" माझ्यासाठी आलेलं एक चांगलं नोकरदार स्थळ तिनं याच प्रश्नावर परत पाठवलं. बोरगावचं स्थळ आलं तेव्हा मामा घर पाहायला गेले आणि येताना त्यांच्या विहिरीचं पाणी पत्र्याच्या डबकीत भरून घेऊन आले. आईनं त्यात वरण लावलं. वरण पसंत पडलं. मुलगा मी त्यानंतर पाहिला.

परीक्षेत एकच गोष्ट राहून गेली. मुलाची नोकरी दीपगृहांच्या खात्यात होती. ज्या माणसानं कन्हान नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, त्याला सरकारनं समुद्राच्या मध्यभागी दिवा लावायला पाठवलं. बोरगावच्या विहिरीचं पाणी लोण्यासारखं होतं, पण आम्हाला ते प्यायला मिळणार नव्हतं.

तर मी आगगाडीनं चेन्नई, तिथून जहाजानं पुढे, आणि मग सरकारी बोटीनं एका लहान बेटावर पोहोचले. बेटाचं नाव लिहीत नाही. कुणी काही चांगलं लिहिलं की बुकिंग वाढतं आणि वाईट लिहिलं तर आणखी वाढतं. वाटेत संत्री संपली, माझं अर्धं वजन उलट्यांत गेलं, पण डाळीचं पोतं सुखरूप होतं.

दीपगृहाची वसाहत पडायला आली होती, म्हणून आम्ही अनिमा बौदीच्या घरात भाड्यानं राहिलो. बौदी म्हणजे वहिनी. ती माझी वहिनी नव्हती, सगळ्या बेटाचीच होती. तिचे आईवडील फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेले. सरकारनं त्यांना जंगल दाखवून सांगितलं, हे तुमचं गाव. तिच्या वडिलांनी घराआधी विहीर खणली. वर्षभर कुटुंब ताडपत्रीखाली राहिलं, पण विहीर झाली. "बाबा बोलते थे, पहले पानी, घर तो बाद में भी गिर सकता है," असं बौदी सांगायची. ही विहीर आजूबाजूची सगळी घरं वापरायची, आणि बौदीच्या दोन खोल्यांत उतरणारे पाहुणेही. नवरा गेल्यावर त्या खोल्यांच्या भाड्यावरच तिचं चालत होतं.

पहिल्याच दिवशी मी त्या विहिरीच्या पाण्यात वरण लावलं. ते असं शिजलं की मला रडू आलं. मग जेट्टीवरच्या टेलिफोन बूथवर जाऊन घरी फोन लावला. आई म्हणाली, "शिजलं?" मी म्हटलं, "शिजलं." ती म्हणाली, "मंग राहजो." अंदमानात स्थायिक होण्याची माझी कहाणी एवढीच. लोक याहून मोठी कारणं सांगतात, मला सुचत नाहीत.

पुढे मला तिथल्या शाळेत नोकरी लागली. ह्यांनी बदल्या टाळल्या. मी बंगाली जेवायला शिकले, बौदी झुणका करायला शिकली, आणि दोघींनी एकमेकींच्या स्वयंपाकाबद्दल खरं मत कधी सांगितलं नाही. मी घर सोडलं तेव्हा आमचा जिल्हा छिंदवाडा होता. आता पांढुर्णा आहे. म्हणजे मी हलले तसं गावही हललं, आणि तेही बसल्या जागी. घर सोडलेल्यांना वाटतं मागचं सगळं थांबून राहिलंय. मागच्यांना वाटतं, गेलेला माणूस सुखात आहे. दोघेही फोनवर एकमेकांचा गैरसमज जपतात.

मग बेटावर 'इको' आलं.

आधी पाहुणे येत ते असे: पाठीवर पिशवी, हातात टॉर्च, येताच विचारायचे, "जेवायला काय आहे?" बौदीच्या खोल्यांना पत्र्याचं छप्पर होतं, आंघोळीला एक बादली. दुसरी मागितली तर ती देत असे, पण अशा नजरेनं, की तिसरी कुणी कधी मागितली नाही. बेटाच्या संरक्षणाची तेवढीच योजना होती आणि ती बरी चालत होती.

नंतर किनाऱ्याच्या उत्तरेला व्हिला उभे राहिले. सुट्टी घालवायला भाड्यानं मिळणारे, पर्यावरणस्नेही. या शब्दाबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो मी त्यांच्या साबणावर पाहिला, चपलांवर पाहिला, डिझेल जनरेटरवरही पाहिला. बांबू बेटावर नव्हता, म्हणून मुख्य भूमीवरून जहाजानं आला. पाहुण्यांना खाडीतली खारफुटी दिसावी म्हणून मधली खारफुटी काढली. प्रत्येक व्हिलाच्या दारात समुद्र होता, तरी प्रत्येकाला पोहायला वेगळा हौद बांधला आणि त्यात गोडं पाणी भरलं, कारण समुद्र खारट आहे अशी तक्रार आली असती. हौदाच्या काठावर एक सुबक कार्ड: "प्रिय पाहुण्या, टॉवेल दुसऱ्यांदा वापरलात तर तुम्ही या बेटाचं पाणी वाचवता." वाळूवर हिरवळ लावली. वाळूला हिरवळ आवडत नाही, म्हणून तिला सकाळ-संध्याकाळ समजूत घालायला फवारे.

आठवड्यातून एकदा पाहुण्यांना किनारा साफ करायला नेत. हातमोजे, टोप्या, फोटो. गोळा केलेल्या कचऱ्याचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नसे. तो आमच्या शाळेच्या मागे येत असे.

एकदा हिरवं मानचिन्ह देणारी मंडळी आली. व्हिलांना मानचिन्ह मिळालं. बौदीनंही हौसेनं खोल्या दाखवल्या. बादली, पत्रा, परसातला भाजीचा वाफा. त्यांनी तिला हसतमुखानं सांगितलं, तुमच्याकडे पाहुण्याला 'पर्यावरणाशी नातं जुळल्याचा अनुभव' येत नाही. बौदीनं मला विचारलं, म्हणजे काय करायचं? मी म्हटलं, बादलीला एक पान चिकटव.

आणि अशात माझा भाऊ आला.

सुधाकरभाऊ माझ्यापेक्षा मोठा. सौंसरला संत्र्याचा बगीचा. संत्रं विकून झालं की त्याला जग पाहण्याची हौस येते. आजवर ती शेगाव-पचमढीपलीकडे गेली नव्हती. या वेळी तो थेट बेटावर आला. बोटीतून उतरल्यावर किनाऱ्यावर उभा राहिला, समुद्राकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, "बाप्पा! एवढं पाणी अन् तुमच्या इथं टंचाई? हा तं नियोजनाचा अभाव हाये."

उन्हाळा होता. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं आणि बौदी मोजून उपसत होती. भाऊ तिला समजावू लागला, "काही काळजी करू नको बाई. हा ताण हाये. ताण दिल्याबिगर बहर येत नाई." संत्र्याच्या झाडाला आम्ही ठरवून पाणी तोडतो. पानं मलूल होईपर्यंत तहानलेलं ठेवतो, मग भरपूर पाणी देतो, आणि झाड घाबरून फुलतं. या एका रीतीवर आमचा मुलूख उभा आहे, आणि तिच्यामुळेच आमच्या माणसांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे, की तहान ही पाण्याच्या आधीची पायरी असते. नंतर पाणी येतंच. नाही आलं तर खाली असतं. विहीर आटली की बोर मारायचा, बोर आटला की आणखी खोल बोर. आमच्याकडे पाण्याबद्दल प्रश्न एकच: किती खोल?

भाऊ पाणाड्याही होता. हातावर आडवं नारळ ठेवून शेतातून चालायचं. जिथं नारळ आपोआप उभं राहतं तिथं खाली पाणी. ही विद्या त्यानं मामांकडून घेतली होती. बोरला पाणी लागलं तर नारळाचं श्रेय, नाही लागलं तर मशीनवाल्याचा आळस. या हिशोबानं त्याचं नारळ कधीच चुकलं नव्हतं. बेट पाहून तो हरखला आणि मला म्हणाला, "मंगे, इथं तं नारळच नारळ हाये वं! सौंसरले मले विकत आनावं लागते."

तो संध्याकाळी फिरायला गेला आणि व्हिलांच्या मॅनेजरला भेटला. मॅनेजर दिल्लीकडचा तरुण, नम्र, अनवाणी चालणारा. त्याच्या हौदांना पाणी कमी पडत होतं. माझ्या भावानं त्याला आपल्या हिंदीत सांगितलं, "साब, पानी मैं देखके देता ना. फिकर कायकू करते?" दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव व्हिलांच्या हिरवळीवर जमलं. भाऊ डोक्याला रुमाल बांधून, हातावर नारळ घेऊन चालतोय. मागे मॅनेजर, त्याच्या मागे कॅमेरा घेतलेली एक मुलगी, तिच्या मागे चादरीसारखे पायजमे घातलेले पाहुणे. चार पावलं गेला की नारळ उभं. पुन्हा चार पावलं, पुन्हा उभं. भावाच्या आयुष्यात नारळ असं कधी वागलं नव्हतं. त्याला घाम फुटला. "जिकडं पाहाव तिकडं पाणीच पाणी हाये बाप्पा!"

"दादा," बौदी कडेनं म्हणाली, "नीचे तो समुंदर है. आपका नारियल झूठ नहीं बोलता. पूरा नहीं बोलता."

लोक हसले. भाऊ तिच्यावर रागावला नाही, तो बायकांवर रागावत नाही, त्यांचं फक्त ऐकत नाही. "अवो, दरिया तिकडं हाये," तो म्हणाला. "मी इकडं पाहून राहिलो."

जेवताना ह्यांनी त्याला समजावलं. बेटाखाली गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारी साय. पावसानं धरलेली. वरवर, हलक्या हातानं घ्यायची. खोल गेलं, पंपानं ओढलं, की खालचं खारं वर येतं, आणि मग आसपासच्या विहिरीही जातात. बेटावर हे सगळ्यांना माहीत होतं; म्हणूनच इथं कुणी खोल जात नसे.

भावानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जवाईबापू, साय काढली तरी खाली दूधच निघते ना?"

हे पानातला भात कालवू लागले. दीपगृहात वर्षानुवर्षं एकट्यानं बसल्यामुळे त्यांना वादाची सवय राहिलेली नाही. मी म्हटलं, "भाऊ, तिथं बोर झाला तर बौदीची विहीर जाईल."

"विहीर जाईन कायले? विहीर का पाहुणी हाये? तू शाळेत शिकव वं. पाण्याचं मले समजते."

भाऊ परत गेला. व्हिलावाल्यांनी त्याचा सत्कार केला: एक टोपी आणि बांबूचा टूथब्रश. मालवाहू बार्जवर चढून बोरचं मशीन आलं. परवानगी कशी मिळाली हे मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत. मशीन दिवसभर घरघरत राहिलं आणि संध्याकाळी पाणी लागलं. गोडं. भावाचा फोन आला, "लागलं ना?" मी म्हटलं, "लागलं." "मंग?" तो म्हणाला. या 'मंग'मध्ये साऱ्या सौंसर तालुक्याचा अभिमान होता.

काही आठवडे फवारे जोरात चालले. मग एके दिवशी माझ्या कुकरमध्ये डाळ शिजली नाही. झाकण काढलं तर तळाशी दाणे जसेच्या तसे, आणि वर पिवळं पाणी. मी आच दोषी धरली. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तेवढ्यात बौदी हातात पातेलं घेऊन आली. पातेल्यात फाटलेला चहा होता. दोघी विहिरीवर गेलो. तिनं बादली ओढली, ओंजळीनं पाणी तोंडाला लावलं, आणि थुंकली नाही, गिळलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मंगला, किसी ने नमक डाला क्या?"

तिला खरंच वाटलं होतं की कुणीतरी वैरभावानं विहिरीत मीठ ओतलंय. तिच्या वडिलांनी घराआधी खणलेली विहीर एका हौदासाठी खारट होऊ शकते, यापेक्षा शत्रू असणं तिला सोपं वाटलं. मी त्या दिवशी जेवढी संतापले तेवढी आयुष्यात कधी संतापले नव्हते. आणि संताप धरायला माझ्याकडे धड माणूसही नव्हता. मॅनेजर हात जोडून भेटायचा. टॉवेलवरचं कार्ड तसंच होतं. आणि नारळ धरणारा हात माझ्याच घरचा होता.

बौदीचे पाहुणे एकेक करून थांबले. खारट पाण्यानं आंघोळ करायला कुणी पैसे देत नाही, शहरात तशी सोय घरोघरी असली तरी. घरं तिच्याकडून पाणी नेईनाशी झाली आणि सरकारी टाकीपुढे भांडायला लागली. वर्षानुवर्षं एका दोरीनं पाणी काढलेल्या बायका एकमेकींच्या हंड्यांवर नजर ठेवू लागल्या.

आम्ही तक्रार केली. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली, मोठे अधिकारी बोटीनं आले. मॅनेजरनं सांगितलं की बोर घेण्यापूर्वी त्यांनी स्थानिक समाजाशी सल्लामसलत केली होती, आणि त्याचा पुरावा दाखवायला पडदा लावला. पडद्यावर संथ बासरी वाजू लागली. नारळाची झाडं. लाटा. आणि मग, सूर्याच्या तिरप्या प्रकाशात, डोक्याला रुमाल बांधलेला माझा भाऊ. हातावर नारळ. खाली इंग्रजीत अक्षरं उमटली, त्यांचा अर्थ असा: बेटावरचे ज्येष्ठ जाणकार, पिढ्यान्‌पिढ्यांचं जलज्ञान.

लोक माझ्याकडे वळून पाहू लागले. मग मी उभी राहिले.

"हा माझा भाऊ आहे," मी हिंदीत म्हटलं.

अधिकारी म्हणाले, "मग तुमच्या कुटुंबाचीच संमती होती?"

"तो सौंसरचा आहे."

"सौंसर कोणत्या बेटावर आलं?"

"मध्य प्रदेशात, साहेब. जिल्हा पांढुर्णा. हे शूटिंग झालं त्याच्या आदल्याच आठवड्यात त्यानं समुद्र पहिल्यांदा पाहिला."

हॉल हसला. अधिकारीही हसले. मॅनेजर ओठ आवळून हसला आणि म्हणाला की पारंपरिक ज्ञानाला सीमा नसतात. मी म्हटलं, पाण्यालाही नसतात, म्हणूनच तुमचा बोर तिकडे आणि खारट विहीर इकडे. हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं. त्यानं विहीर काही गोड झाली नाही.

बौदी मात्र हसली नव्हती. ती पडद्याकडे पाहत होती, जिथे भावामागे, गर्दीत, तीही दिसत होती. तोंड हलतंय, पण आवाजाच्या जागी बासरी. "नीचे तो समुंदर है," ती म्हणत होती, आणि व्हिडिओत ती आशीर्वाद देत असल्यासारखी दिसत होती.

बोर बंद करायचा आदेश निघाला, आणि नवल म्हणजे तो पाळला गेला. कारण सोपं होतं. तोवर बोरचं पाणीही खारट झालं होतं. व्हिलांनी समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आणलं. गोडं हौदात जातं. उरलेलं, समुद्राहून खारट असलेलं, नळानं खाडीत, खारफुटीच्या मुळांशी. पुढच्या वर्षी त्यांना जलसंवर्धनासाठी गौरवण्यात आलं. गौरवाच्या भाषणात सांगितलं की हे व्हिला बेटाच्या गोड्या पाण्याचा एक थेंबही वापरत नाहीत. खरं आहे. गोडं पाणी राहिलंच नव्हतं.

मी बौदीजवळ भावाबद्दल बोलायला गेले तेव्हा ती माशाला हळद लावत होती. तिनं मान वर केली नाही. "भाई तुम्हारा है," ती म्हणाली, "बोर उनका है. दोनों को एक मत करो. मछली खाओगी?" मी खाल्ली. पुढे कितीतरी दिवस आम्ही त्या विषयावर आलो नाही. ती रोज उजाडता विहिरीवर जाते, ओंजळभर पाणी चाखते आणि परत येते. जाणते लोक म्हणतात, चांगले पाऊस झाले आणि कुणी ओढलं नाही, तर साय पुन्हा धरेल. किती वर्षांनी, ते कुणी सांगत नाही. खोल्यांना कुलूप आहे. पिण्यासाठी आम्ही पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात धरतो, ते पुरवून पुरवून वापरतो, आणि स्वयंपाकाला त्यात विहिरीचं मिसळतो.

गेल्या दिवाळीला सौंसरला गेले. भावाला काय काय ऐकवायचं हे मी जहाजातच जुळवून ठेवलं होतं. तो मला बगीचा दाखवायला घेऊन गेला. वरच्या अंगाची झाडं वाळली होती. बोर आटला, आणखी खोल मारला, तोही आटला. वाळलेली झाडं काढून तिथं त्यानं तंबू ठोकले होते, एक झोपाळा, बांबूची कमान. कमानीवर पाटी: इको ऑरेंज स्टे. नागपूरचे लोक शनिवार-रविवारी येतात म्हणे. कमानीजवळ पाण्याचा टँकर रिकामा होत होता.

"बांबू कुठला?" मी विचारलं.

"बालाघाटून आनला. कायले?"

जुळवलेलं सगळं तिथंच बोलून टाकलं. विहीर, चहा, कुलूप, बासरी. टँकरवाला पाइप गुंडाळायचा थांबला. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. तो असा ऐकतोय हे मी पहिल्यांदा पाहत होते. मग त्यानं विचारलं, "त्या बाईची विहीर सुधरली का?"

"नाही."

"मंग खाली दूध नोहोतंच."

"नव्हतं."

"मी नारळ सोडलं मंगे," तो म्हणाला. "आता तांब्याच्या तारीनं पाहतो."

मला त्याला मारावंसं वाटलं. हसूही आलं. राग इतका लांबून जहाजानं आणला होता आणि तो असा उतरवायलाही जागा मिळू नये.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखे जे गेले त्यांनो, घर म्हणजे काय यावर बाहेर राहणारी माणसं फार लिहितात. घर म्हणजे ओढ, घर म्हणजे मातीचा वास. मीही त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून असंच काहीतरी जुळवत होते. आईचे हात आता थरथरतात, म्हणून वरण मी लावलं होतं. पाणी टँकरचं होतं, कुठल्या गावचं कुणास ठाऊक, पण डाळ शिजली. वाफेचा तोच जुना वास. मला वाटलं, हेच. घर म्हणजे जिथं वरण शिजतं. आईनं फलाटावर सांगितलेलं शेवटी खरं. सगळे पंगतीला बसले, मी वाढलं, तूप सोडलं. भावानं पहिला घास घेतला आणि थांबला.

"मंगे, मीठ इसरली का वं?"

वडिलांनीही चाखून पाहिलं. सगळं वरण अळणी. आई माझ्याकडे काळजीनं पाहत म्हणाली, "तिकडं मीठ महाग हाये का बाई?"

मी डबा काढला, प्रत्येकाच्या पानात मीठ वाढलं. महाग नाही, आई. बेटावर आता वरणात मीठ घालावं लागत नाही.